ऑप्टिमस प्राइम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्सफॉर्मर म्हणजे तो कोपऱ्यावरचा डीपीच ना?

आमच्या घरी हा प्रश्न अजून मधूनमधून निघतो. पार्सल आल्यावर मी "ट्रान्सफॉर्मर आला" म्हटलं की आईचं ठरलेलं, "मग लाइट किती वाजता येणार?" तर तो ट्रान्सफॉर्मर हा नव्हे. हे ट्रान्सफॉर्मर्स म्हणजे सायबरट्रॉन नावाच्या ग्रहावरचे सजीव यंत्रमानव. गाडी, विमान, कॅसेट प्लेअर, असं वाट्टेल ते रूप घेणारे. त्यांच्यात दोन गट आहेत, ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन. ऑटोबॉटांचा सेनापती म्हणजे ऑप्टिमस प्राइम, लाल-निळा, ट्रक होणारा. समोर डिसेप्टिकॉनांचा सेनापती मेगाट्रॉन, पिस्तूल होणारा.

तो जपानी की अमेरिकन?

शरीर जपानी, बाकी सगळं अमेरिकन, आणि आवाज कॅनडाचा. गोष्ट थोडी लांब आहे, पण इथेच खरी मजा आहे.

जपानच्या टाकारा कंपनीने १९८० मध्ये 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली. त्यात सजीव यंत्रमानव नव्हतेच. होती ती माणसांनी चालवायची यंत्रं. इंचभर उंचीचे, पायात लोहचुंबक बसवलेले ड्रायव्हर सोबत मिळायचे आणि गाड्यांमध्ये त्यांना बसायला जागा असायची. १९८३ मध्ये याच मालिकेत 'बॅटल कॉन्व्हॉय' नावाचा ट्रक आला. त्याच्या रचनेचं श्रेय हिरोयुकी ओबारा यांना दिलं जातं. तो ट्रक म्हणजेच आपला ऑप्टिमस, फक्त त्याला अजून नाव, स्वभाव, जीव काहीच नव्हतं.

अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ही खेळणी पाहिली आणि विकायचे हक्क घेतले. हॅस्ब्रोने एक हुशारी केली : ड्रायव्हर काढून टाकले आणि गाडीलाच जिवंत केलं. जुन्या प्रती हातात घेतल्या तर काही गाड्यांमध्ये त्या रिकाम्या खुर्च्या अजून दिसतात. ऑप्टिमसच्या ट्रेलरमधल्या छोट्या यंत्रालाही ड्रायव्हरची सीट आहे. कोणी बसायचं नसलेली सीट. लहानपणी ही सीट कशाला, हे कळत नाही. मोठेपणी कळलं की जुन्या घरात पूर्वीच्या भाडेकरूने ठोकलेला खिळा दिसल्यासारखं वाटतं.

जपानमध्ये मालिका परत गेली तेव्हा तिथे त्याचं नाव 'कॉन्व्हॉय' हेच राहिलं. त्यामुळे जपानी खोक्यावर 'ऑप्टिमस' शोधू नका.

मग ट्रक एवढा मोठा आणि मेगाट्रॉन हातात मावणारं पिस्तूल, हे कसं?

कारण दोघे वेगवेगळ्या मालिकांतून आले. डायाक्लोनच्या गाड्या साधारण एकास साठ या प्रमाणात होत्या, म्हणजे खऱ्या गाडीची छोटी प्रतिकृती. मेगाट्रॉन आणि कॅसेट प्लेअर होणारा साउंडवेव्ह आले टाकाराच्याच 'मायक्रो चेंज' या दुसऱ्या मालिकेतून. तिथली कल्पना अशी की घरातल्या वस्तू त्यांच्या खऱ्या आकारातच यंत्रमानव होतात. पिस्तूल पिस्तुलाएवढं, कॅसेट प्लेअर जवळपास कॅसेट प्लेअरएवढा. हॅस्ब्रोने दोन्ही एकाच खोक्यात घातलं आणि कार्टून काढणाऱ्यांच्या गळ्यात हे त्रांगडं पडलं. ऑप्टिमसपेक्षा फारसा लहान नसलेला मेगाट्रॉन क्षणात कुणाच्या तरी मुठीत मावतो. कार्टूनने यावर शोधलेला उपाय म्हणजे त्याबद्दल न बोलणं.

'ऑप्टिमस प्राइम' हे नाव कोणी ठेवलं?

कॉमिक्सच्या दुनियेतल्या डेनिस ओ'नील यांनी. लॅटिनमध्ये ऑप्टिमस म्हणजे सर्वोत्तम, प्राइम म्हणजे पहिला. आपल्या बारशात असं नाव ठेवलं असतं तर आत्याबाई म्हणाल्या असत्या, "जरा जास्तच होतंय."

हॅस्ब्रोने गोष्टीचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे दिलं होतं. तिथले मुख्य संपादक जिम शूटर यांनी दोन गटांच्या युद्धाचा आराखडा लिहिला. बाकीच्या बहुतेकांची नावं आणि स्वभाव बॉब बुडिआन्स्की यांनी घाईघाईत लिहून काढले. मेगाट्रॉन हे नाव त्यांचंच. ते फार भीतीदायक वाटतं, अशी हॅस्ब्रोची तक्रार होती. खलनायक भीतीदायकच हवा ना, असं बुडिआन्स्कींचं म्हणणं, आणि नाव टिकलं.

नंतरच्या कथांमध्ये 'प्राइम' ही पदवी झाली, जशी पेशवे. सेंटिनेल प्राइम, रॉडिमस प्राइम, असे पुष्कळ आले. मूळ लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही होतं असं वाटत नाही.

ऑरायन पॅक्स कोण?

ऑप्टिमसचं सेनापती होण्याआधीचं नाव. १९८५ च्या कार्टूनमधल्या एका भागात तो गोदीत काम करणारा साधा तरुण आहे. मेगाट्रॉनवर भाबडेपणाने विश्वास ठेवतो आणि जवळजवळ मरतो. अल्फा ट्रायॉन नावाचा म्हातारा त्याला नव्याने घडवतो आणि ऑप्टिमस जन्मतो. पुढच्या लेखकांनी कधी त्याला ग्रंथपाल केलं, कधी खाणकामगार. २०२४ च्या अॅनिमेशनपटात तो खाणकामगार आहे आणि मेगाट्रॉन त्याचा जिवलग मित्र. मला गोदीवाला जास्त आवडतो. हमालीतून आलेला सेनापती म्हटलं की त्याचं पुढचं वागणं पटतं.

त्याचा आवाज कोणाचा? आणि तोच आवाज एवढा महत्त्वाचा का?

पीटर कलन. जन्म १९४१, मॉन्ट्रियल. १९८४ च्या कार्टूनपासून तो ऑप्टिमस आहे. त्याच कार्टूनमध्ये आयर्नहाइड या दुसऱ्या ऑटोबॉटचा आवाजही त्याचाच, आणि विनी द पूमधल्या त्या सदा उदास गाढवाचा, ईयोरचाही. हे कळल्यावर दोन्ही पात्रं डोळे मिटून ऐकून पाहा.

कलनने ही गोष्ट मुलाखतींत अनेकदा सांगितली आहे. आवाजाच्या चाचणीला निघताना तो भाऊ लॅरीला म्हणाला, आज एका ट्रकचा, हिरो ट्रकचा आवाज द्यायला चाललोय. लॅरी व्हिएतनाममध्ये लढून आलेला मरीन. त्याने धाकट्याला सांगितलं की हिरो व्हायचंच असेल तर खरा हो, उगाच आरडाओरडा करणारा होऊ नकोस; अंगात ताकद असेल तर हळुवार बोलायलाही ती पुरते. कलनने चाचणीत भावाचाच आवाज लावला.

खेळणी विकायला बनवलेल्या शंभर पात्रांमधून हा एकटा का उरला, याचं माझ्या मते हेच उत्तर. त्या काळातले कार्टूनमधले नायक ओरडायचे. हा आदेश देतानाही खालच्या सुरात बोलायचा. ज्यांच्या घरी वडील चिडून बोलत, त्या मुलांना चिडल्याशिवाय बोलणारा कोणीतरी मोठा माणूस दिसला, तोही ट्रक. २००७ च्या सिनेमातही चाहत्यांच्या आग्रहाने कलनलाच बोलावलं. २०२४ च्या अॅनिमेशनपटात तरुण ऑप्टिमसला क्रिस हेम्सवर्थने आवाज दिला. वाईट नाही. पण वयात आलेल्या मुलाने बापाचा शर्ट घातल्यासारखं वाटत राहतं.

तो यंत्रमानव होतो तेव्हा ट्रेलर कुठे जातो?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि माझा सगळ्यात आवडता.

खेळण्यात उत्तर सोपं आहे. फक्त पुढची केबिन बदलते. ट्रेलर बाजूला राहतो, उघडला की तळ होतो, आणि त्यातून 'रोलर' नावाची छोटी गाडी निघते. कार्टूनमध्ये मात्र ऑप्टिमस उडी मारून उभा राहतो, ट्रेलर मागे घरंगळत चित्राच्या चौकटीबाहेर जातो, आणि संपलं. पुढच्या प्रसंगात तो पुन्हा ट्रक झाला की ट्रेलर हजर. कोण आणतं, कुठून आणतं, विचारायचं नाही. चाहत्यांनी यावर 'दुसऱ्या मितीतली जागा' वगैरे सिद्धान्त मांडले आहेत. माझा सिद्धान्त साधा आहे : चित्र काढणाऱ्याला रोज एवढा मोठा डबा काढायचा कंटाळा आला.

१९८६ मध्ये त्याला का मारलं?

दुकानात जागा करायला. याहून गोड उत्तर नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्सचा पहिला, अॅनिमेशनचा सिनेमा आला. हॅस्ब्रोला नवी खेळणी आणायची होती आणि १९८४-८५ ची जुनी फळी बाजारातून काढायची होती. लेखकांना तसं सांगितलं गेलं. लेखकांनी ते शब्दशः घेतलं. सिनेमाच्या सुरुवातीच्याच भागात आयर्नहाइड, प्रोल, रॅचेट असे ओळखीचे चेहरे एकामागून एक गेले, आणि मग मेगाट्रॉनशी झुंजून ऑप्टिमस. मरताना त्याचा लाल-निळा रंग उतरून तो राखाडी होतो. 'मॅट्रिक्स', म्हणजे नेतृत्वाची खूण, तो पुढच्याच्या हाती देतो आणि डोळे विझतात. कंपनीच्या हिशेबात तो एक उत्पादन होता. थिएटरमध्ये बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हिशेबात तो उत्पादन नव्हता. मुलं रडत बाहेर पडली, पालकांची पत्रं गेली.

परिणाम दोन झाले. हॅस्ब्रोच्याच जी. आय. जोच्या सिनेमात (आपल्याकडच्या ऐंशी-नव्वदच्या पोरांना फनस्कूलच्या बाहुल्यांमुळे जो माहीत आहे तोच) ड्यूक नावाचा नायक मरणार होता. घाईघाईने संवाद घालून त्याला नुसता कोमात ठेवलं गेलं. चित्रात पाहिलं तर तो स्पष्ट मेलेला आहे, शब्दांत मात्र जिवंत. आणि दुसरा परिणाम, १९८७ च्या सुरुवातीला कार्टूनमध्ये दोन भागांची कथा करून ऑप्टिमसला परत आणावं लागलं.

त्या सिनेमातल्या महाकाय युनिक्रॉनचा आवाज नामवंत दिग्दर्शक-नट ऑर्सन वेल्सचा आहे. त्याच्या शेवटच्या कामांपैकी एक. सिनेमा येण्याआधीच, ऑक्टोबर १९८५ मध्ये तो वारला.

कॉमिकमध्येही तो मरतो ना?

मरतो, आणि जास्त विचित्र कारणाने. मार्व्हलच्या मालिकेच्या २४ व्या अंकात ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन एक संगणक-खेळ खेळतात. हरेल त्याला उडवून द्यायचं, अशी पैज. ऑप्टिमस जिंकतो. पण जिंकताना खेळातली काही निरपराध पात्रं त्याच्यामुळे मरतात. पडद्यावरचे ठिपके हो! तो म्हणतो, हे नियमाला धरून झालं नाही, मी हरलो, स्फोट करा. आणि स्फोट होतो.

मोठ्यांना हसू येतं. मलाही आलं होतं. पण खोक्याच्या मागे छापलेलं त्याचं ब्रीद होतं की स्वातंत्र्य हा प्रत्येक सचेतन जीवाचा हक्क आहे, आणि लेखकाने ते ब्रीद अगदी टोकाला नेऊन पाहिलं. खेळ चालवणाऱ्या माणसाने त्याचं मन फ्लॉपी डिस्कवर साठवून ठेवलं होतं, म्हणून तो पुढे परत आला. १९८७ ची फ्लॉपी!

नव्या सिनेमांत तो पुढे नाक असलेला ट्रक का?

मूळचा ऑप्टिमस चपट्या तोंडाचा आहे, म्हणजे इंजिनावरच केबिन. आपल्या रस्त्यांवर असे ट्रक सर्रास दिसतात, म्हणून आपल्याला तो लगेच ओळखीचा वाटतो. अमेरिकेत पूर्वी ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा होती. केबिन आखूड केली की माल जास्त मावायचा. १९८२ च्या कायद्याने मोठ्या महामार्गांवर ही एकूण लांबीची अट गेली, फक्त ट्रेलरच्या लांबीची राहिली, आणि चपटे ट्रक हळूहळू कमी झाले. गंमत म्हणजे खेळणं दुकानात आलं तेव्हा त्याचा नमुना मागे पडायला लागलाच होता.

२००७ च्या सिनेमासाठी दिग्दर्शक मायकल बे यांनी पीटरबिल्ट ३७९ हा नाकवाला ट्रक निवडला. मोठ्या ट्रकमधून मोठा यंत्रमानव निघतो : त्यांना सुमारे २८ फुटांचा हवा होता आणि उगाच आकार फुगवायचा नव्हता. संगणकावर त्या ऑप्टिमसचे १०,१०८ भाग होते. तांत्रिकदृष्ट्या थक्क करणारं काम, मान्य. पण मारामारीत कोणता हात कोणाचा, ते मला आजही कळत नाही. आणि त्या निळ्या अंगावरच्या लाल ज्वाळा! लग्नाच्या वरातीतली गाडी दिसते.

२०१४ च्या सिनेमात तो वेस्टर्न स्टार कंपनीचा ट्रक झाला. २०१८ च्या बम्बलबीच्या सिनेमात पुन्हा चपट्या तोंडाचा, आणि २०२३ च्या सिनेमातही, कारण ती गोष्ट १९९४ मध्ये घडते.

पांढरा ऑप्टिमस, काळा ऑप्टिमस, गोरिला ऑप्टिमस, हे कोण?

पांढरा बहुधा अल्ट्रा मॅग्नस. जुन्या खेळण्यात आतला यंत्रमानव म्हणजे ऑप्टिमसचाच साचा पांढऱ्या रंगात, वरून ट्रेलरचं चिलखत. काळा बहुधा नेमेसिस प्राइम किंवा स्कर्ज, दोघेही दुष्ट. गोरिला म्हणजे १९९६ च्या 'बीस्ट वॉर्स'मधला ऑप्टिमस प्रायमल. तो वेगळा, वंशज. टेस्लाचा ऑप्टिमस हा खराखुरा यंत्रमानव, नावाखेरीज संबंध नाही.

कोणतं खेळणं घ्यावं?

कोणासाठी, ते आधी ठरवा. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी दोन-तीन हालचालींत बदलणारं घ्या. अंगावर ठिपका न ठिपका रंगवलेलं महाग मॉडेल त्याला देऊ नका; तुमचा जीव जाईल, त्याचा खेळ जाईल.

दहाच्या पुढच्यांसाठी 'व्हॉयेजर' माप, साधारण सात इंच, योग्य. 'डीलक्स' साडेपाचच्या आसपास. 'लीडर' मोठं, २०२० च्या अर्थराइज मालिकेतला लीडर ऑप्टिमस ट्रेलरसकट येतो आणि त्या ट्रेलरमुळेच मला तो फार आवडतो.

हौशी मोठ्यांसाठी टाकारा-टोमीची 'मास्टरपीस' मालिका. पहिला २००३ चा, जड आणि धातूचा. मग २०११ चा एमपी-१०, ज्यावर अजून बऱ्याच जणांचं प्रेम आहे. मग २०१९ चा एमपी-४४, कार्टूनसारखा हुबेहूब पण बदलायला वैताग. जुन्या खेळण्याचं रूप तसंच ठेवून सांधे नवे हवे असतील तर २०२४ चा 'मिसिंग लिंक'. माझं मत विचाराल तर तोच. कपाटात ठेवायला बाकीचे, हातात घ्यायला हा.

१९८४ चं मूळ खेळणं घ्यावं का?

पैसे आणि धीर असेल तर. कोपर वाकतं, गुडघे जेमतेम, डोकं वळत नाही. नव्याने काढलेल्या प्रती बऱ्या पडतात. २००२ च्या अमेरिकन प्रतीत सुरक्षेच्या नियमामुळे धुराड्यांच्या नळ्या कापून आखूड केल्या होत्या, जपानी प्रतीत त्या लांबच राहिल्या. विकणारा 'अस्सल जुना' म्हणत असेल तर नळ्या बघा, मग खोकं बघा. मूळ खोक्याच्या मागे ताकद, बुद्धी, वेग वगैरेंचा आलेख असायचा आणि तो लाल पारदर्शक पट्टीतूनच वाचता यायचा. ऑप्टिमसला धैर्यात १० पैकी १० आणि वेगात ८. ट्रकच तो!

भारतात एवढा महाग का मिळतो?

बराच हिस्सा सीमाशुल्काचा. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे प्रत्येक परदेशी मॉडेल इथे येतच नाही. परदेशातून मामा-मावशी येणार असतील तर त्यांच्या बॅगेतली जागा आधीच सांगून ठेवा. ट्रेलरचं खोकं लोणच्याच्या बरणीपेक्षा जास्त जागा खातं.

नकली कसं ओळखायचं?

अंगावर कुठेतरी, बहुधा मांडीच्या किंवा पायाच्या आतल्या बाजूला, कंपनीचं नाव आणि साल कोरलेलं असतं. नकलीत ती जागा घासलेली किंवा कोरी. सांधे एक तर लुळे नाही तर घट्ट. चाहते अशा नकलीला 'केओ' (नॉकऑफ) म्हणतात. हे सांगायलाच हवं की काही केओ चांगले निघतात आणि गावच्या जत्रेतल्या दीडशे रुपयांच्या केओवर पोरं जीव टाकतात. पण लहान मूल तोंडात घालणार असेल तर स्वस्तातला वासाचा प्लास्टिकवाला नको.

स्वतःहून बदलणारा खरंच आहे का?

आहे. रोबोसेन कंपनीने हॅस्ब्रोच्या परवान्याने २०२१ मध्ये आणला. २७ सर्व्हो मोटरी, ६० मायक्रोचिप, आवाजी हुकूम ऐकतो, चालतो, आणि बोलतो तो कलनच्याच आवाजात. किंमत तेव्हा ६९९ डॉलर. मी एकदा बदलताना पाहिला. तोंडाचा आ झाला, खरं आहे. पण आपल्या हाताने शेवटचा भाग टक्कन बसतो, ते सुख त्यात नाही.

बदलताना मध्येच अडकतो. जोर लावू का?

अजिबात नको. अडकला म्हणजे आधीची एखादी पायरी राहिली आहे, नव्वद टक्के वेळा हात. मागे या, पुन्हा करा. थंडीत प्लास्टिक कडक असतं, थोडा वेळ हातात धरून ठेवा. मग गुडघे वळवा.

जुन्या ऑप्टिमसच्या मुठी हरवल्या आहेत. काय करू?

त्याच्या मुठी सुट्या असतात, ट्रक करताना काढून ठेवाव्या लागतात, आणि जगातल्या बहुतेक जुन्या ऑप्टिमसांचे हात अशाच कारणाने मनगटापाशी संपतात. ऑनलाइन सुट्या मुठी विकत मिळतात. त्याआधी दिवाणाखाली हात घाला, मग ट्रेलरमध्ये रोलरच्या मागे बघा. माझी उजवी तिथेच सापडली होती, अकरा वर्षांनी.